हाडांचे फूल : निशिगंधाची कुळकथा

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरस्तानाकडे निघतो तेव्हा एका हाती मेणबत्त्या असतात आणि दुसऱ्या हाती झेंडूच्या जोडीला गुलछडीचे चार दांडे असतात. हेच फूल लग्नात वधूच्या हाती असते, वेदीवर असते आणि अखेरीस शवपेटीवरही असते. इतक्या सलगीच्या या फुलास आम्ही आपल्याच मातीतले मानीत आलो. निशिगंध, गुलछडी, रजनीगंधा ही नावे तरी किती घरची! परंतु त्याचे पहिले नाव निराळेच आहे. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत त्यास 'ओमिशोचित्ल' म्हणत. 'ओमित्ल' म्हणजे हाड आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. ज्यांची हाडे मातीत विसावली आहेत, त्यांच्या उशाशी आम्ही नकळत 'हाडांचे फूल' ठेवीत आलो आहोत.

या फुलाची पहिली नवलाई अशी, की ते रानात कोठेही आढळत नाही. मेक्सिकोतील आदिवासी माळ्यांनी शतकानुशतके निवडून, जपून, कंदामागून कंद लावून ते घडविले. म्हणजे माणसाचे हात नसते तर निशिगंध उरलाच नसता. आणि ते हात तर एका भयंकर काळातून गेले. १५२० साली त्या देशात देवीची साथ पसरली, १५२१ मध्ये आझ्टेकांची राजधानी स्पॅनिश सैन्याच्या हाती पडली आणि पुढे १५४५ व १५७६ च्या साथींनी गावेच्या गावे ओस पाडली.

याच काळात, १५२९ साली, बेर्नार्दिनो द साहागुन हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू तेथे पोहोचले. १५३६ साली त्लातेलोल्को येथे स्थानिक मुलांसाठी महाविद्यालय उघडले, तेथे त्यांनी अध्यापन केले. वृद्ध जाणत्यांना विचारून आणि आपल्या शिष्यांकडून लिहवून घेऊन त्यांनी त्या लोकांच्या जीवनाचा बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. १५७६ च्या साथीत भोवती माणसे मरत असताना हे काम चालू होते. त्याच्या अकराव्या भागात पशू, पक्षी, वृक्ष आणि फुले आली आहेत. त्यांत ओमिशोचित्लही आहे. ज्या विजयाने ती संस्कृती मोडली, त्याच्याच पाठोपाठ आलेल्या एका धर्मगुरूने तिची फुले नावानिशी टिपून ठेवावीत, या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि खंतही वाटते. दोन्ही भावना एकत्र बाळगणे हाच इतिहासाशी प्रामाणिकपणा होय, असे आम्हांस वाटते.

पुढे स्पॅनिश गलबतांतून कंद सेव्हिल बंदरी आले. तेथील वैद्य सिमोन द तोवार यांनी १५९४ साली ते लायडनचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांस धाडले. क्लुसियस यांनी १६०१ च्या आपल्या ग्रंथात त्यांस 'इंडीजची कंदवाली हायसिंथ' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. इंडीज म्हणजे अर्थातच अमेरिका, आपला हिंदुस्थान नव्हे.

युरोपात मात्र या परदेशस्थाची गाठ हिवाळ्याशी पडली. ज्या देशात पावसाळा उन्हाळ्यात येतो आणि हिवाळा कोरडा जातो, तेथला हा कंद. ओल्या, गोठलेल्या मातीत तो आतून कुजतो. म्हणून तिकडचे माळी हिमतुषार पडण्यापूर्वी कंद उकरून काढीत, सुकवीत, कोरड्या वाळूत उबदार जागी ठेवीत आणि वसंतात माती तापल्यावर पुन्हा लावीत. ही मेहनत राजेरजवाड्यांना परवडे. चौदाव्या लुईच्या त्रियानों उद्यानात निशिगंध इतका लावला होता, की त्याच्या वासाने लोकांना बागेत थांबवेनासे होई, असे सें-सिमों या उमरावाने लिहून ठेवले आहे.

लायडनच्या द ला कूर या धनिकाने अठराव्या शतकात दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध प्रथम वाढविला. कंद भरपूर झाले तरी त्याने एकही कोणास दिला नाही. उरलेले कंद तो कापून टाकी, का, तर युरोपात हे फूल आपल्याखेरीज कोणापाशी नसावे! फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने ही हकिकत नोंदविली आहे.

नावांचा एक गोंधळही येथे उलगडला पाहिजे. स्पॅनिश भाषेत निशिगंधास 'नार्दो' म्हणतात आणि संत योसेफाच्या हाती नार्दोची डहाळी दाखविण्याची तिकडे परंपरा आहे. परंतु बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांस लावलेले सुगंधी तेल या फुलाचे नव्हे. मराठी बायबल त्यास जटामांसी म्हणते, ते यथार्थच आहे. ती वनस्पती हिमालयातील आहे. एक सुगंध आपल्या पर्वतांवरून पश्चिमेस गेला, दुसरा पश्चिमेच्या समुद्रावरून आपल्याकडे आला.

आपल्या हवेत हा कंद रुजला, यात नवल नाही. येथेही पाऊस उन्हाळ्याच्या पाठीवर येतो आणि हिवाळा कोरडा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर 'फुले रजनी' हे वाणच दिले आहे. घरच्या वाडीत एप्रिल-मे महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे कंद वीतभर अंतराने, चार बोटे खोल, पाण्याचा निचरा होईल अशा मातीत लावावेत. पावसाळ्यात दांडे येऊ लागतात. थंडीत पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, दोन-तीन आठवड्यांनी कंद काढून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या वाळूत, हवेशीर जागी ठेवावेत. अधूनमधून ते हलवावेत. मऊ पडलेला कंद लगेच वेगळा करावा, नाहीतर शेजारचेही नासतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानी घ्यावी. निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. मग तो विरून जातो आणि भोवती पिलांचा घोस ठेवतो. ती पिले थोराड होऊन फुलायला एक-दोन वर्षे लागतात. म्हणजे आज जो दांडा आपण कबरीवर ठेवतो, त्याचा कंद संपला. उद्याचे फूल त्याच्या लेकरांचे.

आमच्या वाड्यांतून ही पिले कुंपणावरून शेजारणीच्या पदरात टाकण्याची रीत होती. लायडनच्या धनिकाने जे चाकूने केले, त्याच्या नेमके उलट आमच्या आज्या ओंजळीने करीत. रानात न उगवणारे हे फूल पाच शतके टिकले, ते अशा ओंजळींमुळेच. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, अंगणे आखडली. तरी गच्चीवरच्या एका कुंडीपुरती जागा अजून आहे. या हिवाळ्यात कंद काढाल तेव्हा त्यांतले चार शेजारी द्यावेत, एवढीच वाचकांस विनंती.