चिमूटभर अजिनोमोटोची कुळकथा

चायनीजच्या गाडीवर कढईतले नूडल्स उतरवण्याआधी वरून जी पांढरी चिमूट पडते, तिला आपल्याकडे सरसकट अजिनोमोटो म्हणतात. पदार्थ चिनी म्हणून विकला जातो आणि पुडीला नाव मात्र जपानी कंपनीचं. याच पुडीवरून शांघायमध्ये एकेकाळी हाडवैर जुंपलं होतं.

पूड जन्माने जपानी, यात वाद नाही. १९०८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं. दुसऱ्याच वर्षी साबुरोसुके सुझुकी यांनी त्याचा क्षार बाटलीत भरून विकायला काढला. शेवाळातून एवढा माल काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून गव्हाच्या कणकेतलं ग्लुटेन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायचं अशी रीत बसली. आम्ल धातू खातं, त्यामुळे हे सगळं मातीच्या रांजणांत चाले. आम्ल आणि रांजण, दोन्ही लक्षात ठेवा.

चीनमध्ये ही पूड पोचली ती भलत्याच मुहूर्तावर. १८ जानेवारी १९१५ला जपानने अध्यक्ष युआन शिकाई यांच्यापुढे एकवीस मागण्या ठेवल्या. शांतुंग, मांचुरिया, खाणी, रेल्वे, सगळ्यांवर हक्क सांगितला. शेवटी निर्वाणीचा खलिता धाडला आणि ९ मे रोजी चीनला बहुतेक मागण्यांपुढे मान तुकवावी लागली. तो दिवस पुढे वर्षानुवर्षं ‘राष्ट्रीय अपमानाचा दिवस’ म्हणून पाळला गेला. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहात शांतुंगमधले जर्मनांचे हक्क जपानच्या पदरात पडले, तेव्हा ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जपानी मालावर बहिष्कार पुकारला गेला. जपानी पुडीच्या जाहिराती तर शहरोशहरी झळकत होत्या. ती नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

बहिष्कार घालणं सोपं, तो टिकवणं कठीण. चार-सहा महिन्यांत गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात. शांघायचे रसायनतज्ज्ञ वू युनचू यांनी ही गोम ओळखली. हा माणूस शस्त्रागाराच्या शाळेत शिकलेला, दारूगोळ्याच्या रसायनात मुरलेला. जपानी पूड त्यांनी घरीच तपासली, ती सोडियम ग्लुटामेट असल्याची खात्री करून घेतली आणि तीच वस्तू गव्हापासून बनवण्याच्या मागे लागले. प्रयोग राहत्या घरात, मदतीला बायको. पुढे सोया सॉसचे व्यापारी चांग ईयुन यांनी भांडवल घातलं आणि १९२३ मध्ये ‘तियानचू’ कारखाना उभा राहिला. छाप होती ‘बुद्धाचा हात’. शाकाहारी बौद्धांना चालेल असा, शंभर टक्के देशी माल, असा तिचा डांगोरा पिटला गेला.

दोन वर्षांत राजकारणाने पुन्हा हात दिला. मे १९२५ मध्ये शांघायच्या एका जपानी कापडगिरणीत कू चंगहुंग हा कामगार गोळी लागून मेला. त्याच्या निषेधात ३० मे रोजी निघालेल्या मोर्चावर आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांनी नानकिंग रोडवर गोळीबार केला. देशभर संताप उसळला आणि देशी पुडीचा खप वाढला.

पण या देशी पुडीत एक काटा सलत होता. ती ज्या आम्लात शिजायची ते हायड्रोक्लोरिक आम्ल जपानहून यायचं. वू यांची खरी थोरवी मला इथे दिसते. घोषणा देऊन त्यांनी हा काटा झाकला नाही. हायफाँगमधल्या एका बंद पडलेल्या फ्रेंच कारखान्याची यंत्रं विकत घेऊन १९२९ मध्ये त्यांनी ‘तियानयुआन’ काढला आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा, क्लोरिन, आम्ल देशातच बनवायला घेतलं. आम्ल ठेवायला रांजण हवेत, म्हणून पुढे चिनीमातीचा कारखानाही काढला. एका चिमटीपायी उद्योगांची अशी साखळी उभी राहिली. आपल्याकडे तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यामागे देशी मालाचा असाच ध्यास होता, आणि तिथे काचेचं शास्त्र आणलं ते जपानमध्ये शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी.

बहिष्काराने जपानी लष्कर थांबलं का? नाही. उलट तो बहिष्कारच लष्कराच्या हातातलं निमित्त झाला. सप्टेंबर १९३१ मध्ये मुकदेनजवळ रुळांवर स्वतःच स्फोट घडवून जपानच्या क्वांतुंग सेनेने मांचुरिया गिळला. बहिष्कार आणखी कडक झाला. जानेवारी १९३२ मध्ये जपानने शांघायच्या महापौरांकडे जपानविरोधी चळवळ मोडून काढण्याची मागणी केली. ती मान्य होऊनही आरमाराने चापेई भागावर बाँब टाकले. बाजारपेठ आपल्या मालाला नकार देते म्हणून तिच्यावर तोफा रोखायच्या, या तर्काला मी तरी युद्धखोरीच म्हणेन. लीग ऑफ नेशन्सच्या लिटन आयोगाने हा बहिष्कार स्वतंत्रपणे तपासला, पण लष्कर तोवर कुणाचं ऐकण्यापलीकडे गेलं होतं.

वू यांनी पुडीच्या नफ्यातून सरकारला लढाऊ विमान घेऊन दिलं. १९३७ मध्ये शांघायवर पुन्हा युद्ध कोसळलं, तेव्हा हलवता येतील तेवढी यंत्रं बोटींवर लादून यांगत्सेने वर, चुंगकिंगला नेली. तिथे तियानयुआन पुन्हा उभा राहिला. वू १९५३ मध्ये शांघायला वारले.