पायात उतरणारी कळ आणि मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शन
घाटंजी परिसरात कापूस वेचताना, पोती उचलताना कंबर धरते. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली, की कळ थेट पायात उतरते. एपिड्युरल इंजेक्शनमध्ये स्टिरॉइड या नसेजवळ, एक्स-रेवर पाहत सोडतात. दवाखान्यात खुब्यावर घेतो ते इंजेक्शन वेगळे.

सूज उतरून काही आठवडे ते महिने आराम मिळू शकतो. गादी मात्र जागेवर येत नाही. म्हणून त्या काळात व्यायाम सुरू करा.

मधुमेहात काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, त्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर इंजेक्शनची वाट पाहू नका. त्याच दिवशी यवतमाळचे शासकीय रुग्णालय गाठा.