भूजल सर्वेक्षण आणि जिल्हा यंत्रणा, महाराष्ट्रातील

राज्य शासनाचे भूवैज्ञानिक, जिल्हाधिकारी कार्यालये, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांनी मिळून चालवलेली भूजलाच्या मोजणीची, मूल्यांकनाची व नियमनाची व्यवस्था. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही तिच्यातील प्रमुख शास्त्रीय संस्था पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या अखत्यारीत येते. मुख्यालय पुण्यात असून जिल्हा पातळीवर वरिष्ठ भूवैज्ञानिक काम पाहतो. केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे.

भूस्तर : राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकाने व्यापला आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत. त्यामुळे शंभर फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एक बारमाही आणि दुसरी जानेवारीत कोरडी, असे सर्रास आढळते. तापी-पूर्णा खोऱ्यातील गाळाचा प्रदेश याला अपवाद आहे. मात्र त्यातच अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा येतो. पूर्व विदर्भातील स्फटिकी खडक व कोकणातील जांभा यांचे प्रश्न वेगळे आहेत.

स्थापना : यंत्रणा १९७१-७२ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याच्या कृषी पतपुरवठा कार्यक्रमाच्या निमित्ताने उभी राहिली. विहिरीसाठी कर्ज द्यायचे तर त्या शिवारात पाणी आहे का, हे कोणीतरी शास्त्रीय आधारावर सांगणे आवश्यक होते. लगेचच १९७२ चा दुष्काळ आला आणि कामाचा रोख सिंचनाकडून पिण्याच्या पाण्याकडे वळला. कठीण खडकात दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी विंधन विहिरी घेऊन त्यांवर हातपंप बसवण्याचे काम जिल्हा परिषदांच्या साथीने झाले. देशभर पसरलेल्या इंडिया मार्क दोन या हातपंपाचा पूर्वज सोलापूर पंप, आणि त्याच्याही आधीचा जालना पंप, हे दोन्ही याच राज्यातले. आजही विंधन विहिरीची जागा भूवैज्ञानिक सुचवतो आणि पुढे हातपंपाची देखभाल पंचायतराज संस्थांकडे असते. जिल्हा आणि शास्त्रज्ञ यांच्यातील कामाची ही विभागणी त्या दुष्काळात पक्की झाली.

निरीक्षण विहिरी : संपूर्ण व्यवस्थेचा पाया. राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले असून त्यांत सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी ठरवलेल्या आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात : सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. केंद्रीय मंडळ आपल्या स्वतंत्र विहिरी जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये मोजते.

विहीर बहुधा शेतकऱ्याच्या मालकीची, वापरातली असते. कर्मचारी कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून टेप सोडतो, पाण्यापर्यंतचे अंतर वाचतो आणि त्यातून कठड्याची उंची वजा करतो. उरते ती जमिनीखालची पातळी. मोटार नुकतीच बंद झाली असेल तर ते माप ग्राह्य धरता येत नाही, कारण पाणी अजून चढत असते. मालकाने दरम्यान कठडा नव्याने बांधला तर जुनी खूण जाते. विहीर खोल केली किंवा तळाशी आडवे बोअर मारले, तर मालकाचा फायदा होतो, पण त्या विहिरीची मागची नोंद आणि पुढची नोंद एका रेषेत बसत नाही. अशा वेळी शेजारची विहीर निवडून दोन्ही विहिरी काही हंगाम सोबत मोजणे हा योग्य मार्ग आहे. एकाच ठिकाणची दीर्घकाळ अखंड नोंद ही या राज्याची फार मोलाची ठेव आहे, आणि ती शेतकऱ्याच्या संमतीवर उभी आहे. १९९५ पासूनच्या जलविज्ञान प्रकल्पात खास निरीक्षणासाठी विंधन विहिरी घेऊन त्यांवर स्वयंचलित जलपातळी नोंदक बसवले गेले. त्यामुळे पंपाचा अडसर गेला. तरी उघड्या विहिरींची जुनी मालिका त्यांच्याने भरून निघत नाही.

मूल्यांकन : पावसाळ्यात पाणी जितके चढले ती वाढ, क्षेत्रफळ आणि खडकाची पाणी सोडण्याची क्षमता यांचा गुणाकार, अशी मूळ रीत आहे. एक चौरस किलोमीटर बेसाल्टमध्ये पाणी ४ मीटर चढले आणि क्षमता २ टक्के धरली, तर ८०,००० घनमीटर साठा वाढला असे निघते. ३ टक्के धरली तर १,२०,०००. मापात एका मीटरची चूक झाली, तर २ टक्के धरूनही २ कोटी लिटरचा फरक पडतो. केंद्राने ठरवलेली कार्यपद्धती १९८४, १९९७ व २०१५ मध्ये सुधारली गेली. उपसा आणि उपलब्धता यांच्या प्रमाणानुसार सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित व अतिशोषित असे वर्ग पडतात. संत्र्याचा वरूड-मोर्शी आणि केळीचा रावेर-यावल हे पट्टे अतिउपशाची ठळक उदाहरणे होत.

वर्गवारीला शेतकऱ्याच्या दृष्टीने थेट अर्थ आहे : नव्या सिंचन विहिरीचे अनुदान तिच्यावर अवलंबून असते. म्हणून तिच्याविषयी तक्रारी होतात. पाणलोटाच्या सरासरीवरून एका गावाचा निर्णय कितपत करावा, याबद्दल तज्ज्ञांतही मतभेद आहेत.

टंचाई अहवाल : ऑक्टोबरमधील पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून, पर्जन्यमानाची तूटही विचारात घेऊन, वरिष्ठ भूवैज्ञानिक संभाव्य पाणीटंचाईचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना देतो. पातळी ३ मीटरहून अधिक घटलेली गावे ऑक्टोबरपासून, २ ते ३ मीटर घटलेली जानेवारीपासून, १ ते २ मीटरची एप्रिलपासून टंचाईग्रस्त होतील, असा ढोबळ संकेत आहे. त्यावर जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग टंचाई कृती आराखडा बेततो : खासगी विहिरींचे अधिग्रहण, टँकर, नदीपात्रात बुडक्या, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, नव्या विंधन विहिरी. आटलेल्या विंधन विहिरींचे जलभंजन (दाबाने पाणी सोडून खडकातील भेगा मोकळ्या करणे) हा भूवैज्ञानिकांनी सुचवलेला उपायही त्यात येतो.

शास्त्रज्ञ आणि जिल्हा प्रशासन यांचा सर्वांत नियमित संबंध या अहवालाने येतो. तो उन्हाळ्याआधी कित्येक महिने हाती पडतो, म्हणजे रब्बीची पेरणी ठरण्याच्या वेळीच. पण त्याचा उपयोग मुख्यतः टँकर आणि अधिग्रहणाच्या नियोजनासाठी होतो. पीकनियोजनासाठी तो वापरला गेला, तर त्याचे खरे चीज होईल.

कायदे : १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे व तांत्रिक सल्ला यंत्रणेकडे होता. त्याची जागा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने घेतली. तो २०१४ मध्ये अमलात आला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध असून पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची तरतूद आहे. 

पाणी गुणवत्ता : ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतात व प्रयोगशाळा ते तपासतात. फ्लोराइडचा प्रश्न चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत प्रकर्षाने आढळतो.

लोकसहभाग : केंद्राच्या अटल भूजल योजनेत (सुरुवात २०१९-२०, सात राज्ये, एकूण तरतूद ६,००० कोटी रुपये) महाराष्ट्रातील १३ जिल्हे आले. गावाने स्वतः पर्जन्यमापक व विहिरी मोजायच्या, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि जलसुरक्षा आराखडा करायचा, ही तिची रचना. याचे आधीचे आणि अधिक पक्के उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे होय. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे विहिरींची पातळी व पाऊस मोजून, जिल्ह्याच्या भूजल कार्यालयाच्या मदतीने, दरवर्षी ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाऊस कमी झाला तर आधी माणसांचे व जनावरांचे पाणी राखून उरलेल्यात पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास गावात बंदी आहे. ती ग्रामसभेने घातली, २००९ चा कायदा येण्याच्या कितीतरी आधी.