योकाईंची कुळकथा

जपानी लोकपरंपरेतील भुतेखेते, मायावी प्राणी आणि गूढ घटना यांना 'योकाई' असे सामूहिक नाव आहे. त्यांपैकी अस्सल लोककथेतील कोणते, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. परंतु उगमभूमी हाच निकष मानला, तर तो लगेच अपुरा पडतो. तामामो-नो-माए ही नऊ शेपटांची कोल्हीण जपानच्या दरबारी येण्यापूर्वी चीनमध्ये आणि भारतात राजांना भुलवीत होती, असे तिची कथाच सांगते. त्या कथेतील भारतीय राजपुत्र हानझोकू म्हणजे बौद्ध कथांच्या वाटेने तेथे पोहोचलेला आपला कल्माषपाद होय. 'तेंगू' हे नावही मूळचे चिनी. अशांना परके ठरविल्यास जपानी लोककथेचे घर ओसाड पडेल.

मग लेखक-चित्रकारांनी निर्मिलेले तेवढे वगळावे काय? तोरियामा सेकिएन याने १७७६ पासून योकाईंचे सचित्र संग्रह सिद्ध केले; १७८४ च्या संग्रहातील अनेक आकृती त्याने शब्दश्लेषांच्या आधारे स्वतःच कल्पिल्या. 'गाशादोकुरो' हा अजस्र सांगाडा तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या पुस्तकांतून अवतरला. वाचक मात्र त्याला प्राचीन समजतो.

याउलट यानागिता कुनिओ यांनी लोकांच्या तोंडची माहिती टिपली. १९३८-३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या योकाई-नामसूचीत 'नुरिकाबे'ची नोंद आहे. चिकुझेनच्या किनाऱ्यावर रात्री चालणाऱ्यापुढे अकस्मात भिंत उभी राहते; काठीने तिच्या तळाशी मारले की ती नाहीशी होते. या नोंदीत भिंतीचे रूपवर्णन नाही. अंधारात पाऊल अडल्याचा अनुभव तेवढा आहे. पुढे मिझुकी शिगेरू यांच्या चित्रकथांनी तिला डोळे आणि हातपाय दिले, आणि तेच रूप सर्वतोमुखी झाले. त्या किनाऱ्यावरच्या वाटसरूचे भय मात्र चित्राआड गेले.

खरी हानी ही आहे. नवनिर्मितीला दोष देण्याचे कारण नाही. १८४६ च्या एका छापील पत्रकातून ज्ञात असलेली 'आमाबिए' २०२० च्या महासाथीत असंख्य लोकांनी रेखाटली, म्हणजेच आपलीशी केली. लोककथेतील नागरिकत्व असे नंतरही लाभते. म्हणून अभ्यासकाने कोणाला हद्दपार करू नये. प्रत्येक नावापुढे ते कोणी, कोठे आणि केव्हा सांगितले, एवढे नोंदवावे. ती नोंद पुसली गेली, तर योकाई उरतील, पण ज्यांनी ते प्रथम अनुभवले ती माणसे इतिहासातून नाहीशी होतील.