त्यागराज आराधना : तीन गटांतून एका समूहगानाकडे

तिरुवैयारु (जि. तंजावर) : कावेरीकाठच्या या गावी दरवर्षी पौष वद्य पंचमीला संत-संगीतकार त्यागराज यांची आराधना होते. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यांच्या हयातीत तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. दुसरे सरफोजी यांचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारल्याची आख्यायिका आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेतील गायकांनी समाधीस्थळी हा उत्सव मोठ्या प्रमाणावर सुरू केला. मात्र लवकरच त्यात दोन गट पडले. महिलांना गायनास मनाई करण्याबाबत या दोन्ही गटांचे एकमत होते. देवदासी परंपरेतील गायिका बंगलोर नागरत्नम्मा यांनी स्वतःच्या कमाईतून समाधीमंदिर उभारले; १९२६ मध्ये तेथे प्रतिष्ठापना झाली. तरीही गाण्याची अनुमती न मिळाल्याने त्यांनी महिलांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले.

आता नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पंचरत्न कृती शेकडो स्त्री-पुरुष कलावंत एकत्र बसून गातात. १९५२ मध्ये निधन पावलेल्या नागरत्नम्मा यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे.