नांत शहरांतील ट्रामगाडी : जीर्णोद्धार कीं नवनिर्मिति ?

जुनी वास्तु पडून पुष्कळ वर्षें लोटल्यावर तिच्याच जागेच्या आसपास नवी वास्तु उभी राहिली, म्हणजे तीस जीर्णोद्धार म्हणावें कीं नवनिर्मिति, हा प्रश्न देवालयें व वाडे यांच्या संबंधांत आपणांपुढें वारंवार येतो. फ्रान्सच्या पश्चिमेस लुआर नदीकांठीं वसलेल्या नांत शहराच्या ट्रामगाडीविषयीं तोच प्रश्न उपस्थित होतो. १५९८ च्या धर्मविषयक फर्मानामुळें या शहराचें नांव इतिहासाभ्यासकांस परिचित आहेच. तेथील ट्राम १९५८ सालीं बंद पडली व १९८५ सालीं पुन्हां सुरू झाली. ‘जुनी ट्राम परत आली’ असें या घटनेचें वर्णन सामान्यतः करण्यांत येतें. तें कितपत ग्राह्य आहे, आणि या घटनेचें श्रेय कोणाकडे जातें, या दोन मुद्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पूर्ववृत्त. मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, त्यानंतर पांच वर्षांनीं, १८७९ त, नांत येथें ट्राम धांवूं लागली. परंतु तिला घोडे नव्हते. मेकार्स्की नांवाच्या अभियंत्याच्या योजनेप्रमाणें ती दाबलेल्या हवेवर चाले. गाडीखालच्या टांक्यांत हवा दाबून भरीत; ती यंत्रांत प्रसरण पावतांना अतिशय थंड होऊन बर्फ धरूं नये, म्हणून आधीं तिला कढत पाण्यांतून नेत. पहिला मार्ग नदीच्या धक्क्यांच्या कडेनें पूर्वपश्चिम जाणारा होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हवेची जागा विजेनें घेतली.

ऱ्हासाचीं कारणें एकाहून अधिक आहेत. १९२६ च्या सुमारास लुआरचे शहरांतील फांटे बुजविण्याचें काम सुरू झालें व त्यांच्या जागीं रुंद रस्ते झाले. १९४३ च्या सप्टेंबरांत शहरावर बाँबवर्षाव होऊन मोठी हानि झाली. युद्धोत्तर काळीं मोटारबशीचा प्रसार झाला, आणि १९५८ त शेवटची ट्राम थांबली. हा केवळ नांतचा दैवयोग नव्हे. पुढें फ्रान्समध्यें लील, मार्सेय व सेंत-एत्येन या तीन शहरींच जुन्या ट्रामचा कांहीं अंश उरला. आणि मुंबईची ट्रामही ३१ मार्च १९६४ रोजीं बंद झाली.

आतां श्रेयाचा प्रश्न. पूर्वपक्ष असा कीं, फ्रान्समधील ट्रामचें पुनरागमन हें मध्यवर्ती सरकारच्या आज्ञेचें फळ होय. याला आधार म्हणून १९७५ च्या फेब्रुवारींतील एक पत्र दाखविण्यांत येतें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वाहतूकखात्याचे उपमंत्री मार्सेल काव्हाये यांनीं आठ शहरांस ट्रामचा विचार करण्यास सुचविलें. तीं शहरें बोर्दो, ग्रनोब्ल, नांसी, नीस, रुआं, स्त्रासबुर्ग, तूलों व तुलूज हीं होत. वाचकांनीं यादी पुन्हां पाहावी : तींत नांतचें नांवच नाहीं. ज्यास पत्र गेलें नाहीं त्यानेंच आधीं काम पुरें केलें. ज्यांस पत्र गेलें त्यांपैकीं ग्रनोब्ल येथें १९८७ त, स्त्रासबुर्ग व रुआं येथें १९९४ त, बोर्दो येथें २००३ त, नीस येथें २००७ त व तुलूज येथें २०१० त ट्राम आली. नांसीनें रबरी चाकांची निराळीच गाडी पत्करली, तीही २०२३ त बंद झाली. तूलोंला तर ट्राम झालीच नाहीं. सारांश, पत्र व ट्राम यांचा कार्यकारणसंबंध अटळ मानतां येत नाहीं. नांतपुरता तर तो काकतालीय न्यायाचाच प्रकार ठरेल.

सरकारचा हात मुळींच नव्हता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. नऊहून अधिक नोकर असणाऱ्या मालकांवर वाहतुकीसाठीं कर बसविण्याची मुभा १९७३ पासून पॅरिसबाहेरील मोठ्या शहरांस मिळूं लागली. द्रव्याची सोय त्यामुळें झाली. परंतु द्रव्य असणें व तें कशावर खर्चावें हें ठरविणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तें ठरविलें स्थानिक मंडळींनीं. १९७७ सालीं आलँ शेनार नगराध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दींत ट्रामची योजना कायम होऊन कामास प्रारंभ झाला. रस्ते खणले गेले, गैरसोय झाली, व विरोधही वाढला. १९८३ च्या मार्चांतील निवडणुकींत शेनार पराभूत झाले आणि ट्रामला विरोध करणारे मिशेल शोती अधिकारावर आले. पराभवाचें एकमेव कारण ट्रामच होतें असें म्हणणें साहसाचें होईल, कारण त्या वर्षीं फ्रान्समधील इतर अनेक नगरींतही सत्तांतर झालें. तथापि कामें इतकीं पुढें गेलीं होतीं कीं, तीं सोडून देणें नव्या अधिकाऱ्यांस शक्य झालें नाहीं. १९८५ च्या जानेवारींत पहिली गाडी सुटली तेव्हां नगराध्यक्षपदावर शोतीच होते. म्हणून उद्घाटनाच्या तारखेवरून कर्ता ठरवूं पाहणारा येथें निश्चित फसेल. शिलालेखांतील शेवटल्या राजाचें नांव पाहून सर्व देवालय त्याचेंच मानण्यासारखें तें होईल.

राहिला जुन्यानव्याचा प्रश्न. नवा मार्ग पश्चिमेकडील बेलव्यूपासून पूर्वेकडील आल्युशेरपर्यंत सुमारें साडेदहा किलोमीटरांचा होता. शहराच्या मध्यभागीं तो बुजलेल्या नदीफांट्याच्या जागेवरून, राजवाड्याच्या किल्ल्याजवळून जातो. पूर्वपश्चिम दिशा १८७९ च्या मार्गाशीं जुळते. येथवर साम्य. परंतु जुनी ट्राम इतर वाहनांच्या गर्दींतून चाले; नवीस बहुतेक ठिकाणीं स्वतंत्र वाट दिली गेली. गाड्या अगदीं नव्या घडणीच्या होत्या. आरंभीं त्यांत पायऱ्या चढून जावें लागे, पुढें मधला सखल भाग जोडण्यांत आला. १९९२ च्या दुसऱ्या मार्गाच्या वेळीं फरक अधिक स्पष्ट झाला. १९४१ त जर्मनांनीं मारलेल्या ओलिसांच्या स्मरणार्थ नांव दिलेला, एर्द्र नदी बुजवून केलेला हमरस्ता अरुंद करून तेथें मोटारींची जागा ट्राम व पादचारी यांस दिली. पूर्वीं मोटारींसाठीं ट्राम हटली होती; आतां ट्रामसाठीं मोटारी हटल्या.

निष्कर्ष असा : नांत येथें जुन्या ट्रामचा जीर्णोद्धार झाला नाहीं, जुन्या दिशेवर नवी निर्मिति झाली, आणि तिचें मुख्य श्रेय राजधानीच्या पत्रास नसून अधिकार गमावलेल्या एका नगरमंडळास आहे. हा निर्णय केवळ उद्घाटनाच्या वृत्तांतावरून लागला नसता. शहरांची यादी, निवडणुकीचें साल व कामाचा क्रम एकत्र ताडून पाहावा लागला. आपल्याकडेही मुंबईच्या ट्रामचीं तिकिटें, नकाशे, वेळापत्रकें वा नोकरांचीं टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं रद्दी समजूं नयेत. उद्यां तेथें पुन्हां रूळ पडले, तर ‘परत आली’ हा शब्द खरा कीं खोटा हें त्याच कागदांवरून ठरवावें लागेल.