खडीवरचा दिवस

आधी कानावर येते ती टकटक. शेकडो हातोड्यांची. मे 1973, सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे जाणारा रस्ता, सकाळचे नऊ वाजताहेत आणि चपलेतूनही चटका बसतोय.

"बघत काय ऱ्हायलाय? बसा की हितं," एक बाई हातोडा पुढे करते. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. का, ते तुम्हाला पहिला घाव हुकताच कळतं. टायरच्या कडीत दगड बसवायचा, डोळे मिटल्यासारखे करायचे, घाव घालायचा. कपची गालावर येते. तासाभरात तुमची जेमतेम पाटीभर खडी होते. तिचा ढीग गुडघ्याएवढा. मजुरी ढीग मोजून मिळते. मागे बाभळीला झोळी बांधलेली, तिच्यात मूल झोपलंय. दुपारी सुकडी वाटतात. बाईच्या फडक्यात लाल मिलो ज्वारीची भाकरी आहे, कडेनं फुटलेली.

"मुंबईला का नाही गेलात?"

"हितं काम हाय तवर घर का सोडायचं?"

या महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं अशी दुष्काळी कामावर आहेत. फोडलेली खडी पुढे कितीतरी ठिकाणी रस्त्याकडेला नुसती पडून राहिली, हे खरंच आहे. तिलाही ते दिसतं. "तळं खांदाय लावा की, पानी तरी ऱ्हाईल," ती म्हणते. पाझर तलाव, नालाबंडिंग यांचं मोल तिला कुणी शिकवायला नको.

मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पनाही याच सांगली जिल्ह्यातली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ती करून पाहिली होती.

आता सहा वर्षं पुढे या. 26 जानेवारी 1979 पासून रोजगार हमीचा कायदा लागू झालाय. दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघायची नाही; मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा येतो 1975 च्या व्यवसाय करातून, आणि सरकार तेवढीच भर घालतं. मुंबईच्या फोर्टातल्या कारकुनानं या बाईला कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या पगारातले थोडे रुपये तिच्या मजुरीत आहेत. या कायद्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच.

तीच बाई सोमवारी अर्जावर अंगठा उठवते, पोच मागून घेते, पदराच्या गाठीत बांधते.

"पंधरा दीस म्हंजी कुठला वार?"

तुम्ही बोटं मोजता. मंगळवार.